दर्याचा सण आणि पालिकेचे देणे

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. वर्सोवे, मढ, खारदांडा, माहीम, वरळी आणि कुलाबा येथील बंदरांवर होड्यांना रंगाचा नवा हात फिरला आहे, नाळेवर झेंडूच्या माळा चढण्याची वेळ झाली आहे, आणि कोळीवाड्यांतील बायामाणसे सोनेरी कागदात मढविलेला नारळ मिरवीत किनाऱ्यावर नेण्याच्या तयारीला लागली आहेत. दोन दिवस वृत्तपत्रांतून या मिरवणुकांची छायाचित्रे झळकतील. पुढारी फेटे बांधून येतील, दर्याला नारळ वाहतील, भाषणे करतील आणि मोटारीत बसून निघून जातील. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर काय उरते, हे पाहावयास मात्र यांपैकी कोणीही येत नाही. आम्हांला आज त्या तिसऱ्या दिवसाविषयी लिहावयाचे आहे.

नारळी पौर्णिमा हा केवळ देवभोळेपणाचा सण आहे, असे समजणाऱ्या शहाण्यांची मुंबईत वाण नाही. वस्तुतः पर्यावरण हा शब्द मराठी भाषेत रूढ होण्यापूर्वी कित्येक पिढ्या कोळ्यांनी तो आचरणात आणला होता. पावसाळ्याचे दोन महिने मासळीच्या विणीचे. त्या काळात दर्यात जाळे टाकावयाचे नाही, पौर्णिमेला दर्याची पूजा करावयाची आणि मगच होडी लोटावयाची, हा या समाजाचा दंडक. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची शासकीय मासेमारीबंदी असते. परंतु एके काळी महाराष्ट्राच्या बंदीहुकमातच १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जो दिवस आधी येईल तोवर बंदी, असे कलम असे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी कोळ्याचे पंचांग उघडून पाहिले होते! सरकारी शहाणपणाचे असे दाखले फार नाहीत, म्हणून हा आवर्जून सांगितला.

या जुन्या सणाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर नवे सण आले आहेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे झाडले जातात, तसे ते दादर, जुहू, वर्सोव्यालाही झाडले जातात. २६ जुलैला कांदळवन दिन होतो. ओहोटीच्या वेळी शाळकरी मुलांना खडकांवर नेऊन खेकडे, शंखशिंपले आणि प्रवाळ दाखविणाऱ्या तरुण मंडळींची सागरफेरी निघते. कोळणी आपल्या हातची मासळी रांधून शहराला जेवू घालतात, त्या महोत्सवांना हजारो लोक लोटतात. यांतला एकही उपक्रम पालिकेच्या सभागृहात जन्माला आलेला नाही. लोकांनी तो आपण होऊन मांडला, पदरमोड करून चालविला आणि नंतर कधी तरी पालिकेचे लक्ष तिकडे गेले. पालिकेने या उत्सवांना साहाय्य करावे की नाही, हा वाद आता संपला आहे, करावे हे सर्वांनाच मान्य आहे. प्रश्न आहे तो साहाय्य कशाला म्हणावयाचे, याचा.

आजवरचा अनुभव सांगावयाचा तर या किनाऱ्याला धनी फार आणि वाली कोणी नाही. वाळू महसूल खात्याची, खारफुटी वनखात्याची, बंदर सागरी मंडळाचे, बंदोबस्त पोलिसांचा आणि केर तेवढा पालिकेचा! एखाद्या मंडळाला एक दिवसाचा मांडव घालावयाचा झाला तर ताडेलाने होडी सोडावी, कागदांची गठडी काखेत मारावी आणि या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालावेत. ज्याच्या आजा-पणजाने त्या वाळूत बोंबलाच्या वलांडी उभारल्या, त्याला त्याच वाळूवर उभे राहण्यासाठी परवाना मागावा लागतो. याउलट एखादी बडी कंपनी आपल्या नावाचे सदरे वाटून, ध्वनिक्षेपक लावून, तासभर केर वेचण्याचा सोहळा करावयास आली की सारे दरवाजे कसे धडाधड उघडतात! तिच्या छायाचित्रांत अधिकारी असतात, पुढारी असतात, नटनट्या असतात. नसतो तो कोळी. असलाच तर पगडी घालून, पाहुण्यांच्या स्वागतासाठी.

याहून निराळे काही घडू शकते काय, असे कोणी विचारील. त्याने मंडणगड तालुक्यातील वेळास गावी जाऊन यावे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागांत दडलेले, इतिहासात एकदा नाव आले एवढ्यावर समाधान मानून असलेले. त्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरावी, माणसांनी पळवावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे संरक्षणाचे काम आरंभिले. किनाऱ्यावर रोज पहाटे फिरून अंडी शोधावयाची, कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यांत ती पुन्हा ठेवावयाची, वर टोपली झाकावयाची आणि दीड-दोन महिने वाट पाहावयाची. चार वर्षांनी, २००६ साली, त्याचाच कासव महोत्सव झाला.

महोत्सव हा शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर कमानी आणि दिव्यांच्या माळा उभ्या राहतील, तर त्याची तेथे निराशा होईल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत कधीही जावे. सकाळी आणि सायंकाळी टोपल्या उचलल्या जातात. पिल्ले वर आली असतील तर ती वाळूवर सोडतात आणि ती आपल्या इवल्याशा वल्ह्यांनी पाण्याकडे सरकत जातात. आली नसतील तर पाहुण्याने मुकाट्याने परत जावे, दुसऱ्या वेळी यावे. एवढाच तो सोहळा! पाहुणे उतरतात ते ग्रामस्थांच्या घरी, जेवतात ते त्यांच्या पानात, आणि त्यांचा पैसा जातो तो त्या घराच्या गृहिणीच्या हाती. ज्या गावात अंडी पळवली जात होती त्याच गावाला ती राखणे परवडू लागले, याचे मर्म येथे आहे. ग्रामपंचायत, वनखाते आणि गाव यांनी एकमेकांचा हात धरला, पण महोत्सव गावाचा राहिला. लहानशा ग्रामपंचायतीला जे उमगले ते मुंबई महापालिकेला उमगू नये, याला बुद्धीची उणीव कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही, वृत्तीची आहे असे म्हणू.

आता मुंबईच्याच वर्सोव्याची कथा पाहा. २०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अफरोज शाह नावाचे एक वकील आपल्या घराजवळच्या वाळूवर उतरले. सोबतीला होते शेजारचे चौऱ्याऐंशी वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ. अडीच किलोमीटरचा तो किनारा प्लास्टिकच्या थरांखाली गाडला गेला होता, माणसाला पाऊल टाकावयास जागा नव्हती. या दोघांनी केर उचलण्यास सुरुवात केली. हळूहळू आणखी माणसे आली, मग शेकडो. कोळी आले, झोपडपट्टीतील मुले आली, शाळा आल्या, आणि शनिवार-रविवारचा तो केरवेच्यांचा मेळा हा वर्सोव्याचा आठवडी उत्सवच होऊन बसला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना पृथ्वीरक्षकाचा सन्मान दिला. साऱ्या जगाने मान डोलावली.

आणि २०१७ सालच्या नोव्हेंबरात, शंभराहून अधिक आठवड्यांच्या श्रमानंतर, याच शाह यांनी मोहीम थांबवीत असल्याचे जाहीर केले! कारण काय? गुंडांच्या शिव्या खाव्या लागतात आणि लोकांनी गोळा करून ठेवलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही, हे त्यांनीच सांगितलेले कारण. समुद्राने फेकलेला केर माणसांनी हातांनी वेचावा, त्याचे ढीग रचावेत, आणि तो उचलण्यास गाडी न आल्यामुळे पुढच्या भरतीने तो परत आपल्या पोटात घ्यावा, याहून अधिक निष्ठुर थट्टा कोणती? एकच हलकल्लोळ झाला, मुख्यमंत्र्यांपर्यंत बोभाटा गेला, आश्वासने मिळाली, मोहीम पुन्हा सुरू झाली. पुढच्याच मार्चमध्ये, २०१८ साली, त्या स्वच्छ झालेल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. सुमारे दोन दशकांनंतर वर्सोव्याला ते दृश्य दिसले, असे त्या वेळी सांगण्यात आले. मधल्या त्या चार महिन्यांचा विचार करा. नोव्हेंबरात थांबलेली मोहीम थांबूनच राहिली असती, तर मार्चमधल्या त्या पिल्लांच्या वाटेत काय पडलेले असते?

म्हणून आम्ही म्हणतो, पालिकेच्या साहाय्याची पहिली खूण म्हणजे केराची गाडी. आणि तिला साहाय्य म्हणण्याचीही सोय नाही! सन १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये पालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत केरकचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणे हे कर्तव्य आहे. नागरिक सुटीच्या दिवशी वाळूवर वाकतात तेव्हा ते पालिकेचे काम फुकट करीत असतात. त्या कामाला हातभार लावल्याबद्दल पालिकेने आपले फलक तेथे टांगावेत, हे ऋणकोने धनकोच्या दारावर आपले नाव कोरण्यासारखे आहे. ऐच्छिक कर्तव्ये पुढे कलम ६३ मध्ये येतात. सार्वजनिक आरोग्य, सोय आणि शिक्षण यांना पोषक असे कोणतेही उपाय योजण्याची मुभा तेथे आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तर पर्यावरणाचे संरक्षण आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन ही दोन्ही नगरपालिकांच्या विषयांत नमूद आहेत. तेव्हा आम्हांला अधिकार नाही, असे पालिकेला म्हणता येणार नाही. आमच्याजवळ पैसा नाही, असे तर तिने म्हणूच नये. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. यातील दर दहा हजार रुपयांमागे एक रुपया बाजूला काढला तरी ७ कोटी ४४ लाख होतात. मुंबईतील कोळीवाडे चाळीसच्या घरात आहेत. हिशेब पालिकेच्या लेखापालाने करावा.

हा पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा, येथे खरी ग्यानबाची मेख आहे. आमचे मत असे की तो कंत्राटदाराच्या हाती देऊ नये. एकदा का निविदा निघाली की कोळीवाड्याचा सण ही करमणूक ठरते, आणि कोळणीला आपल्याच अंगणात गाळ्याचे भाडे भरावे लागते. कोळीवाड्याची जमात आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्याकडे रक्कम सोपवावी, वर्षाच्या आरंभीच सांगून सोपवावी, आणि खर्चाचा तक्ता विभाग कचेरीच्या फळ्यावर लावावा. पालिकेने आपण होऊन करावयाचे ते फार साधे आहे. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ संडास, रात्रीचे दिवे, प्रथमोपचार, पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारे जीवरक्षक, आणि सर्व खात्यांच्या परवान्यांसाठी एकच खिडकी. यांतल्या कशाचेही उद्घाटन करता येत नाही, म्हणून पुढाऱ्यांना त्यात गोडी वाटणार नाही, हे आम्ही जाणतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर कित्येक महिने पालिकेचा कारभार लोकप्रतिनिधींवाचून प्रशासकाच्या हाती होता, त्या काळात तर गाऱ्हाणे घेऊन जावयाचे कोणाकडे, हेच कोळ्याला कळत नव्हते.

कोणी म्हणेल, सण कसले साजरे करता? जाळ्यांना, बर्फाला, डिझेलला पैसे द्या. पापलेट २०२३ साली राज्याचा मासा म्हणून घोषित झाला, पण तो जाळ्यात कमी येतो, त्याचे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. कोळ्याचे पोट हा पहिला प्रश्न आहेच. परंतु राज्यमाशाची मागणी मच्छीमारांनीच केली होती, ती तो मासा हातचा जातो आहे हे शहराच्या ध्यानी यावे म्हणून. सणाचेही तसेच आहे. वर्षातून एकदा माहीमचा, खारदांड्याचा, वर्सोव्याचा किनारा गजबजतो तेव्हा उंच इमारतींतून समुद्र पाहणाऱ्या मुंबईकराला कळते की या समुद्रावर कोणी तरी जगतही आहे. हे कळले नाही तर उद्या कोळीवाडा उठला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. ज्या किनाऱ्यावर कोणी सण करीत नाही, तो किनारा विकासकाच्या नकाशात मोकळा भूखंड दिसतो!

आणि आता जे बोलावयाचे ते थोडे कडू आहे. पालिकेने उत्सवाला पैसा दिला म्हणून उत्सव करणाऱ्याने तोंडाला कुलूप घालावे, अशी अपेक्षा असेल तर तो पैसा कोळ्याने दर्यात फेकून द्यावा. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या होड्यांना जाण्यापुरती वाट ठेवा, एवढेच त्या माणसांचे मागणे होते. खांबांतील ६० मीटरांचे अंतर १२० मीटर करून घेण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, तेव्हा कोठे २०२२-२३ च्या हिवाळ्यात ते मान्य झाले. त्या काळात त्यांना कोणी कोळी महोत्सवासाठी अनुदान देऊ केले असते तर त्यांनी ते घ्यावे, पण खांबाविषयी बोलू नये, असे म्हणणारे लोक आमच्या माहितीचे आहेत. कांदळवन दिनाचेच पाहा. २६ जुलै ही तारीख युनेस्कोने २०१५ साली जगासाठी नेमली. मुंबईला तिचा अर्थ त्याआधी दहा वर्षे कळून चुकला होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि मिठीच्या काठची खाजणे भरून काढल्याचे काय फळ मिळते ते शहराने छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पाहिले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबविली. आज त्याच पालिकेला वर्सोवा ते भाईंदर सागरी रस्ता हवा आहे, आणि त्यासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्षांना बाधा पोचेल, हा तिने स्वतःच न्यायालयापुढे मांडलेला आकडा आहे! रस्ता हवा की नको, हा या लेखाचा विषय नाही. तथापि ज्या हाताने ती झाडे तोडावयाची त्याच हाताने वर्सोव्याच्या शाळकरी पोरांना तिवराची रोपटी वाटून छायाचित्र काढावयाचे, हे आम्हांला सहन होत नाही. पालिकेने कांदळवन दिन जरूर करावा. त्या दिवशी आपल्या विभागातील कांदळवन गेल्या वर्षी किती होते आणि यंदा किती आहे, याचा आकडा सर्वांसमक्ष वाचून दाखवावा.

सांडपाण्याचेही असेच. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात ठिकाणी मिळून दररोज २ हजार ४६४ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प पालिकेने हाती घेतले आहेत. हे उत्तम झाले, आणि फार उशिराही झाले. जोवर ती यंत्रे पुरत्या ताकदीने चालत नाहीत तोवर दर्याच्या पूजेला येणाऱ्या पाहुण्यांना, आपण कोणत्या पाण्यात नारळ सोडतो आहोत, हे किनाऱ्यावरील फळ्यावर लिहून सांगण्यास काय हरकत आहे? पाणी तपासले जातेच. ते आकडे कपाटात ठेवण्यासाठी नाहीत.

शहरवासीयांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. मासळी खावयास यावयाचे, नाकाला रुमाल लावावयाचा आणि जाताना थर्मोकोलची ताटली वाळूत खुपसावयाची, ही पाहुण्याची रीत नव्हे. वेळासला पाहुणा टोपली उघडेपर्यंत गप्प उभा राहतो, तो मुंबईचाच असतो. येथे त्याला काय होते?

पालिकेच्या आयुक्तांनी, महापौरांनी आणि किनाऱ्यावरील विभागांच्या अधिकाऱ्यांनी यंदाच्या पौर्णिमेला व्यासपीठावर बसू नये, अशी आमची विनंती नाही, त्यांनी खुशाल बसावे. मात्र त्याआधी प्रत्येक कोळीवाड्यासाठी किती रक्कम ठेवली, ती कोणाकडे दिली, परवान्याची खिडकी कोठे उघडली आणि केराच्या गाड्या किती वाजता सुटणार, एवढे चार प्रश्न त्यांनी लेखी उत्तरासह प्रसिद्ध करावेत. आम्ही ती उत्तरे याच पानावर, याच जागी छापू. आणि पौर्णिमेनंतरच्या सकाळी सहा वाजता वर्सोव्याच्या वाळूवर आमचा प्रतिनिधी घड्याळ घेऊन उभा असेल. गाडी किती वाजता आली, तेही आम्ही छापू.